वाचकांचे प्रश्न : स्टोरी पॉइंट आणि मुदतीची तारीख

प्रश्न : आमचा सात जणांचा संघ स्क्रम या सॉफ्टवेअर-निर्मितीत रूढ असलेल्या पद्धतीने, दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्यांत) काम करतो. स्प्रिंटच्या आरंभी घेतलेले सर्व स्टोरी पॉइंट (कामाचा आकार अंदाजे मोजण्याचे एकक) पूर्ण झालेच पाहिजेत आणि व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणारे पॉइंट) दर तिमाहीस वाढली पाहिजे, असा व्यवस्थापकांचा आग्रह असतो. ग्राहकाला मात्र संपूर्ण कामाची तारीख हवी आहे. मेळ कसा घालावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : स्टोरी पॉइंट आणि व्हेलॉसिटी या दोन्ही गोष्टी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर-निर्मितीच्या दुसऱ्या पद्धतीकडून आलेल्या असून स्क्रमचे जनक केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्या स्क्रम मार्गदर्शिकेत त्या सांगितलेल्या नाहीत. स्प्रिंटमध्ये घेतलेल्या कामांची यादी हा संघाने बांधलेला अंदाज आहे, असा बदल त्या मार्गदर्शिकेत २०११ मध्येच करण्यात आला; २०२० च्या आवृत्तीनुसार संघाची बांधिलकी असते ती स्प्रिंटच्या उद्दिष्टाशी. उद्दिष्ट साधले आणि दोन किरकोळ कामे मागे राहिली, तर ते अपयश मानण्याचे कारण नाही.

व्हेलॉसिटी वाढवण्याचा दबाव आला की कोणताही हुशार संघ ती वाढवून दाखवतो; काल तीन पॉइंटचे असलेले काम आज पाचाचे होते. फूटपट्टीवरच्या खुणा जवळ जवळ आखल्याने कापड लांब होत नाही. शिवाय असे फुगवलेले आकडे हाती आल्यावर ग्राहकाला तारीख सांगण्याचे एकमेव साधनही आपण गमावतो.

कारण तारीख त्या आकड्यांतूनच काढायची असते. समजा, बॅकलॉगमध्ये (करायच्या सर्व कामांच्या यादीत) १८० पॉइंटचे काम शिल्लक आहे आणि मागील सहा स्प्रिंटपैकी प्रत्येकात संघाने १५ ते २० पॉइंट पूर्ण केले आहेत. मग उरलेल्या कामाला ९ ते १२ स्प्रिंट, म्हणजे १८ ते २४ आठवडे लागतील, असे ग्राहकाला सांगावे आणि प्रत्येक स्प्रिंटनंतर हा हिशेब नव्याने मांडावा. त्याला अठराव्या आठवड्याचीच तारीख हवी असेल, तर १५ च्या गतीने तोवर १३५ पॉइंटच होतील, हे गृहीत धरून उरलेल्या ४५ पॉइंटमध्ये कोणती कामे पुढे ढकलायची, हे प्रॉडक्ट ओनरने (कामांचा अग्रक्रम ठरवणाऱ्या व्यक्तीने) त्याच्याशी बसून आजच ठरवावे. कामांची यादी, तारीख आणि माणसे ही तिन्ही करारातच गोठवलेली असतील, तर तो साधा ठेका आहे. स्क्रममधल्या रोजच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीने त्याचे स्वरूप पालटत नाही.

प्रश्न : स्प्रिंट चालू असताना ग्राहकाचे तातडीचे काम आले तर ते नाकारावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सरसकट नाकारू नये. उद्दिष्टाला धक्का लागत नसेल, तर प्रॉडक्ट ओनरशी बोलून तेवढ्याच आकाराचे दुसरे काम बाहेर काढावे. उद्दिष्टच निरर्थक ठरले असेल, तर स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरला आहे. अशी कामे प्रत्येक स्प्रिंटमध्ये येत असतील, तर ती अनपेक्षित म्हणता येणार नाहीत. मागील अनुभव पाहून त्यांच्यासाठी नियोजनाच्या वेळीच जागा मोकळी ठेवावी.