पत्रात सगळ्यांचं मत आहे, पोरीचं कुठाय?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते: तुमचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉप, मुलगी बारावी सायन्सला, गणित चांगलं. मेव्हणे म्हणतात कॉम्प्युटरच घ्या, शेजारचे सर म्हणतात एआय आलंय आता कॉम्प्युटर संपलं, क्लासवाले म्हणतात सिव्हिलला स्कोप नाही आणि पुण्याचा पुतण्या म्हणतो एमपीएससीला बसवा, पाठांतर असलं की निघतंय. वर तुमची तक्रार अशी की पोरगी हल्ली घरात 'कोण म्हणतं? कशावरून?' असं विचारायला लागलीय, अकरावीच्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यांसारखं न लिहिता आपलंच काहीतरी लिहून कॉलेजातनं शेरा घेऊन आली, तर तिला जरा समजावून सांगा.

मला मार्कांची काळजी वाटली नाही, तुमच्या पत्राची वाटली. मेव्हणे, सर, क्लासवाले, पुतण्या सगळे बोलून गेले, पण पोरीला काय पाहिजे याची एक ओळ नाही हो अख्ख्या पत्रात. तुमचं स्वतःचं मत पण नाही. आणि गंमत म्हणजे घरात जी एकटी 'कशावरून' विचारतेय तिलाच गप्प करायला मला सांगताय. तुमच्या शॉपमध्ये पार्टीनं जॉब आणून टाकला आणि सांगितलं की पन्नास एमएमचा आहे, तर तुम्ही लगेच मशीनवर चढवता काय? आधी व्हर्नियर लावता, भरवसा नसला तर मायक्रोमीटर काढता. मग पोरीच्या आयुष्याचं माप मेव्हण्याच्या तोंडी सांगण्यावर कसं काय घेताय?

त्या प्रोजेक्टच्या दोन पानांचा फोटो तुम्ही पुरावा म्हणून पाठवलाय, ते बरं केलंत. 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' विषयाचा प्रोजेक्ट, विषय पंचगंगेचा पूर. बहुतेक पोरं काय करतात सगळ्यांना माहीत आहे, नेटवरनं उतरवायचं, प्रस्तावना, कारणं, उपाय, निष्कर्ष, वर रंगीत कव्हर. कारणांत कर्नाटकातलं कृष्णेवरचं अलमट्टी धरण, की झालं. हिनं पावसाळ्यात रोज राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी लिहून काढलीय. शेजारच्या रकान्यात राधानगरी धरणाचे सातपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडलेत ते, त्याच्या पुढं गगनबावड्याचा पाऊस. ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, त्या दोन्ही पातळ्यांना लाल पेनानं रेघा. आणि खाली पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलंय, 'पाऊस थांबला, दरवाजे बंद झाले, तरी पाणी उतरायला एवढा वेळ का?' कॉलेजच्या मॅडमनी त्यावर 'विषयाला सोडून' असा शेरा मारलाय. अहो विषय तोच आहे की! २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा अर्धं कोल्हापूर हाच प्रश्न विचारत बसलं होतं, फक्त कुणी वहीत लिहिला नव्हता.

आता एक गैरसमज, आणि हा तुमच्याइतकाच पोरीचाही असू शकतो, म्हणून हे तिला वाचायला द्या. स्वतःच्या डोक्यानं विचार करणं म्हणजे सगळे म्हणतील त्याच्या उलटं म्हणणं नव्हे. सगळे अलमट्टी म्हणतात म्हणून अलमट्टीचा काही संबंधच नाही असं ठोकून दिलं तर ती पण पोपटपंचीच झाली, फक्त पोपट उलटा टांगलेला. पोरी, तुझा प्रश्न चांगला आहे पण अर्धा आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथं कृष्णाच तुडुंब असली तर आपलं पाणी निघायला वेळ लागणारच, मग कृष्णेच्या पातळीचा रकाना तुझ्या वहीत का नाही? तो घाल, कोयना धरणातनं सोडलेलं पाणी घाल, अलमट्टीचा साठा पण घाल, आणि मग काय दिसतंय ते बघ. दिसलं की लोक म्हणतात ते बरोबर आहे, तर तसंच लिहायचं, त्यात कमीपणा नाही, कारण आता ते तू तपासलेलं असतंय. आणि पाठांतराला नावं ठेवू नकोस, सूत्रं पाठ नसतील तर विचार कशाचा करणार? बोर्डाच्या पेपरात पुस्तकातलं उत्तर मागतात, तिथं ते गुमान लिहायचं आणि मार्क घेऊन बाहेर पडायचं.

बाकी सीईटी, जेईई, कॅप राऊंड म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या, हे क्लासवाले सांगतीलच, लागणारे दाखले मात्र आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रात रांगा लागतात. पुतण्याला सांगा की राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय, तिथं नुसत्या पाठांतरावर पानं भरतील, मार्क मिळतीलच असं नाही. सिव्हिलला स्कोप नाही म्हणणाऱ्या क्लासवाल्यांना एवढंच विचारा की दर दोन-चार वर्षांनी ज्या गावात होड्या फिरतात तिथं पाण्याचं गणित येणारा माणूस लागणार नाही तर कोण लागणार? सिव्हिलमधनं पुढं जलविज्ञान आहे, कृषी अभियांत्रिकीत मृद व जलसंधारण आहे, बीएस्सी करून आपल्या शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्र आहे. कॉम्प्युटर पण वाईट नाही, असले रकाने पुढं कॉम्प्युटरवरच सोडवायचे असतात. आणि एआयचं म्हणाल तर जगात आधीच हजार ठिकाणी लिहिलेलं उत्तर ते दोन सेकंदांत देतंय, त्यामुळं दुसऱ्याचं उतरवून काढणारा माणूस आता सगळ्यात स्वस्त झालाय. त्यात पोरीला ढकलू नका.

पण यातलं काय घ्यायचं ते मी आज सांगणार नाही. तुम्हाला राग येईल, येऊ दे. मी 'कॉम्प्युटर घ्या' म्हटलं की तुमच्या यादीत मेव्हण्याच्या खाली 'मॅडम म्हणतात' अशी अजून एक ओळ वाढणार, दुसरं काय. त्यापेक्षा एका रविवारी शॉप बंद असताना तिला घेऊन बसा, ही वही पुढं घ्या आणि यातलं काय करताना तुला वेळेचं भान राहिलं नाही एवढंच विचारा. आकडे गोळा करणं, ते मांडणं की नदीवर जाऊन बघणं? मध्ये बोलू नका, अवघड आहे, माहीत आहे मला.

मग पुढचं पत्र तिला लिहू दे, तिच्या अक्षरात, तुम्ही न तपासता. दोन-तीन कोर्सेसची नावं आणि प्रत्येकापुढं 'मला हे का वाटतं' एवढं पुरे, शुद्धलेखन बघणार नाही. फीचं विचारलं होतंत, फी काही नाही, पण ते पत्र आल्याशिवाय उत्तर पण नाही.