आधी लेबल वाचा, मग रॅम घ्या

पुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉप आता सांगली-मिरज भागात दुकानाच्या गल्ल्यापासून शाळेच्या ऑफिसपर्यंत सगळीकडे दिसतात. बहुतेक मशिनं मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेली, रिफर्बिश्ड. मॉनिटरच्या पाठीला अडकवता येतात, वीज कमी खातात, आवाज करत नाहीत. चांगली असतात. पण रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरी, ४ नाहीतर ८ जीबी असते आणि काही महिन्यांत मालकाला ती वाढवावीशी वाटते. त्यानंतर माझ्याकडे येणारे प्रश्न इतके सारखे असतात की यावेळी एकत्रच उत्तरं देतो. निम्मे लोक आधी चुकीची रॅम विकत घेतात आणि मग विचारायला येतात. कृपा करून आधी विचारा.

प्रश्न: जुन्या मोठ्या कॅबिनेटमधली ८ जीबी डीडीआर४ रॅम पडून आहे. छोट्या डेस्कटॉपला चालेल का? — मिरज

उत्तर: नाही. छोट्या डेस्कटॉपला लॅपटॉपची रॅम लागते, तिला सोडिम म्हणतात. मोठी रॅम साधारण तेरा सेंटिमीटर लांब असते, ही सातच्या आत. घासून, वाकवून काही होत नाही.

प्रश्न: ८ जीबीची १६ केली तर कॉम्प्युटर दुप्पट फास्ट होईल, असं दुकानदार म्हणतो. खरं आहे का? — पलूस

उत्तर: खरं नाही. रॅम म्हणजे कामाचा ओटा. भाजी चिरायला जागा पुरत नसेल तर मोठा ओटा उपयोगी पडतो. जागा आधीच रिकामी असेल तर ओटा वाढवून स्वयंपाक लवकर होत नाही.

तुमचा ओटा पुरतो की नाही ते पैसे न खर्चता कळतं. रोज जे उघडता ते सगळं उघडा: ब्राउझरचे टॅब, एक्सेल, बिलिंग. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. ऐन कामाच्या वेळी आकडा ८५-९० टक्क्यांवर टेकत असेल तर रॅम वाढवा, फरक जाणवेल. ५०-६० टक्क्यांवरच असेल तर पैसे ठेवून द्या. तिथेच डिस्कचाही आकडा दिसतो. तो सारखा शंभरावर असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. रॅमसाठी म्हणून आलेल्या कितीतरी जणांचं काम एसएसडीने झालेलं मी पाहिलंय. मेमरीच्या पानावर खाली रॅम बसवायचे किती स्लॉट भरलेत तेही लिहिलेलं असतं. त्याचा फोटो काढा आणि जिथे रॅम घेणार तिथे दाखवा.

प्रश्न: रॅमची नवी स्टिक (पट्टी) जुन्याच कंपनीची हवी, नाहीतर मदरबोर्ड जळतो असं ऐकलं. — विटा

उत्तर: कुणी सांगितलं? रॅमची कंपनी वेगळी म्हणून बोर्ड जळत नाही. पिढी मात्र तीच हवी: डीडीआर४ च्या जागी डीडीआर३ किंवा डीडीआर५ बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. स्पीड वेगळा असला तरी चालतं, दोन्ही स्टिक कमी स्पीडवर धावतात. २६६६ सोबत ३२०० लावली तर ३२०० चे जादा पैसे वाया.

शक्य असेल तर दोन सारख्या स्टिक लावा, ८ आणि ८. दोन्ही मिळून ड्युअल चॅनेलवर, म्हणजे एकाच वेळी दोन वाटांनी, चालतात. या मशिनांत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, पडद्यावरचं चित्रही याच रॅममधून जातं, म्हणून इथे त्याचा फायदा जास्त. तरी दोन वेगळ्या स्टिक एकमेकींशी पटवून घेतील याची खात्री लेबल वाचून देता येत नाही. बसवून, तपासूनच घ्या.

प्रश्न: बेदाण्याच्या अडतीचा सगळा हिशेब छोट्या डेस्कटॉपवर आहे. दिवाळीआधी जुन्या ८ जीबीबरोबर ४ जीबीची दुसरी स्टिक ओळखीच्या मुलाने बसवून दिली. तेव्हापासून आठवड्यातून एक-दोनदा निळा स्क्रीन येतो. टॅलीचा डेटा दोन वेळा रिराइट (टॅलीतली डेटा दुरुस्तीची सोय) करावा लागला. रीस्टार्ट केलं की चालतं. आता सीझन आहे, मार्च एंडनंतर बघितलं तर चालेल ना? — तासगाव

उत्तर: नाही चालणार. आजच बघा.

निळा स्क्रीन हा त्रास आहे म्हणून मी हे म्हणत नाही. निळा स्क्रीन निदान दिसतो तरी. बिघडलेली रॅम जे दिसत नाही तेही करते, आणि हे मी वर्षानुवर्षं सांगतोय. तुम्ही व्हाउचर उघडता तेव्हा ते डिस्कवरून रॅममध्ये येतं, तिथे बदलतं आणि परत डिस्कवर लिहिलं जातं. रॅममधला एक कप्पा १ च्या जागी ० धरत असेल तर डिस्क तो ० इमानेइतबारे लिहून ठेवते. डिस्कला काय माहीत की तिथे १ हवा होता? ४,५०० हा आकडा साध्या पूर्णांकाच्या रूपात रॅममध्ये असेल आणि त्यातला ४,०९६ मोजणारा कप्पा, म्हणजे बिट, १ चा ० झाला, तर उरतात ४०४. पडद्यावर काही येत नाही, बीप वाजत नाही.

सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असते. दर ६४ बिटांमागे ८ बिट जास्तीचे, त्यावरून एका बिटाची चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते आणि दोन बिटांची पकडली जाते. आपल्या या छोट्या डेस्कटॉपांत ती सोय नसते. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत दुरुस्ती असते, पण चिपमधून बाहेर पडून प्रोसेसरपर्यंत जातानाची चूक तिला कळत नाही. म्हणून 'आमची डीडीआर५ आहे, काळजी नाही' हेही मला सांगू नका.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. मुलीच्या लग्नाचे फोटो फोनमधून कॉम्प्युटरवर घेतले आणि जागा हवी म्हणून फोनमधले पुसले. महिन्याने उघडले तर कितीतरी फोटोंचा वरचा भाग ठीक आणि मधूनच खाली सगळं जांभळट-करडं. एका फोटोत नवरीच्या कपाळावरच्या मुंडावळ्या दिसत होत्या आणि चेहऱ्यापासून खाली नुसते पट्टे. कॉम्प्युटर एरवी 'चालत' होता. मी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावला, चौथ्या मिनिटाला लाल ओळी आल्या. एक स्टिक खराब. स्टिक वॉरंटीत बदलून मिळाली. फोटोंचं आम्ही काही करू शकलो नाही.

तुमच्याकडे दिवाळीपासूनचा हिशेब आहे, त्यामुळे क्रम चुकवू नका. आता बॅकअप घेऊ नका. बॅकअपही त्याच रॅममधून जातो. आधी मशिन बंद करून ती ४ जीबीची स्टिक काढायला लावा. मग जुन्या ८ जीबीवर बॅकअप घ्या, नव्या फोल्डरमध्ये. दिवाळीआधीचा बॅकअप असेल तर त्याला हात लावू नका, त्यावर दुसरं काही लिहू नका. त्यानंतर एकेक स्टिक एकटी लावून मेमटेस्ट रात्रभर चालवायचा. एक जरी चूक दिसली तरी ती स्टिक बाद. 'एकच तर आहे' असं म्हणायचं नाही. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिकही आहे, पण त्यात पास झाली म्हणजे रॅम निर्दोष असं मी मानत नाही. दोन्ही स्टिक निर्दोष निघाल्या तर स्लॉट बघायचा, मग दोन्ही एकत्र लावून पुन्हा टेस्ट. निळा स्क्रीन ड्रायव्हरमुळे किंवा एसएसडीमुळेही येतो, म्हणून अंदाजाने काही बदलू नका. जाणकार माणसासमोर हे सगळं होऊ द्या.

आणि तुमच्या सीएंना आजच सांगा. दिवाळीपासूनचे सौदे, काटा पावत्या, बँकेचं स्टेटमेंट आणि टॅली हे कागदाशी ताडून बघावं लागेल. दोनदा रिराइट करून डेटा उघडला, म्हणजे आतले आकडे बरोबर आहेत असं होत नाही. काम कंटाळवाणं आहे हे मला कळतं. मार्चनंतर ते याहून मोठं असेल.

प्रश्न: ऑनलाइन १६ जीबी रॅम निम्म्या किमतीत दिसते, 'नवी, लाइफटाइम वॉरंटी' असं लिहिलंय. घेऊ का? — आष्टा

उत्तर: निम्म्या किमतीत नवी रॅम कुणी देत नाही. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव झपाट्याने चढले, कारण एआय डेटा सेंटरांकडे माल ओढला जातोय. भाव चढले की भंगारातल्या स्टिकवर नवं स्टिकर चढतं.

स्टिक हातात घेऊन बघा. खालच्या सोनेरी दातांवर बारीक उभ्या रेघा असतील तर ती आधी कुठेतरी बसलेली आहे. स्टिकरची कड नखाला लागते का, खाली दुसरा गोंद आहे का बघा. सगळ्या चिपांवरचे नंबर सारखे आहेत का बघा. वापरलेली रॅम वाईट नसते, मी स्वतः बसवतो, पण ती वापरलेली म्हणून, त्या किमतीत आणि टेस्ट करून. 'लाइफटाइम' कुणाची हेही विचारा. वॉरंटी विक्रेत्याची असेल तर ती त्याचं दुकान आहे तोवरच.

'फक्त एएमडीसाठी' लिहिलेली स्वस्त रॅम इंटेलच्या मशिनसाठी घेऊ नका. पाकीट फोडताना व्हिडिओ करा आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.

प्रश्न: ४ जीबी होती, ८ केली, तरी विंडोज साडेतीनच्या आसपासच वापरतं. दुकानदाराने फसवलं का? — जत

उत्तर: बहुधा नाही. तुमचं विंडोज ३२ बिटचं असावं, ते ४ जीबीच्या पुढे जात नाही. ६४ बिटचं टाकावं लागेल, म्हणजे सगळं नव्याने. आधी बॅकअप घ्या आणि तुमचं बिलिंग व प्रिंटर ६४ बिटवर चालतात का हे विचारून मगच करा.

प्रश्न: इंटेलच्या चौथ्या जनरेशनच्या प्रोसेसरचा छोटा डेस्कटॉप आहे, ४ जीबी डीडीआर३. रॅम वाढवू की नवा घेऊ? — कवठेमहांकाळ

उत्तर: लेबल बघा. 'पीसी३एल' असेल तर ती १.३५ व्होल्टची आहे. नुसतं 'पीसी३' म्हणजे १.५ व्होल्ट. यातल्या बऱ्याच मशिनांना १.३५ चीच लागते, दुसरी लावली तर मशिन सुरूच होत नाही. दुकानात दोन्ही 'डीडीआर३' म्हणूनच मिळतात, तिथेच लोक चुकतात.

पण मी खर्च करण्याआधी थांबलो असतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या जनरेशनपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. घरात मुलांना अभ्यासाला हवा असेल तर ८ जीबी करून लिनक्स टाका, आणखी काही वर्षं जाईल. बँकेचे व्यवहार त्यावर होत असतील तर नव्या रॅमचे पैसे दुसऱ्या मशिनसाठी ठेवा.

प्रश्न: मॅक मिनी एम१ ची रॅम वाढवता येते का? — सांगली

उत्तर: नाही. २०२० च्या एम१ पासून मॅक मिनीत मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये असते. घेतानाच पुरेशी घ्यावी लागते. 'आम्ही वाढवून देतो' म्हणणाऱ्याकडे मशिन देऊ नका.

प्रश्न: २०१९ च्या पुरात भिजलेल्या कॉम्प्युटरची रॅम वाळवून ठेवलीय. वापरू का? — सांगली

उत्तर: नको. नदीचा गाळ चिपखाली शिरतो, तिथलं सांधकाम आतून गंजत राहतं. वरून सोनेरी दात चकचकीत दिसतील. चालू मशिन त्यासाठी पणाला लावू नका.

प्रश्न: रॅम घरी स्वतः बसवता येईल का? — किर्लोस्करवाडी

उत्तर: येईल, घाई केली नाही तर. वॉरंटी असेल तर मात्र आधी कंपनीला विचारा, काही ठिकाणी सील तुटलं की वॉरंटी जाते.

बॅकअप घ्या. मशिन बंद करा, अडॅप्टरची पिन मशिनमधून काढा आणि पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, आत राहिलेली वीज निघून जाईल. सतरंजीवर, चादरीवर बसून करू नका, लाकडी टेबल घ्या. स्टिकला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या धातूला हात लावा. उन्हाळ्यात कोरड्या हवेत हे जास्त महत्त्वाचं.

काही मॉडेलांत स्लॉट पंख्याखाली असतो, काहींत तळाच्या झाकणाखाली. पंख्याची वायर ओढू नका, तिचा कनेक्टर नखाने सोडवा. स्टिक कडेला धरा. खाच जुळवून तिरकी आत घाला, सोनेरी दात जवळपास दिसेनासे होईपर्यंत. मग खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या चिमट्यांचा एकदमच 'टक्' असा आवाज आला पाहिजे. एकाच बाजूने आला तर काढून परत घाला. जुन्या स्टिकचे दात काळवंडले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. खोडरबर घासायची आपल्याकडे फार सवय आहे, त्याने सोन्याचा मुलामा झिजतो आणि भुगा स्लॉटमध्ये जातो.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा थोडा वेळ काळा राहू शकतो. डीडीआर५ ला तर कधी काही मिनिटंही लागतात, मशिन नव्या रॅमशी जुळवून घेत असतं. घाबरून मधेच वीज बंद करू नका. पाच मिनिटांत काहीच आलं नाही तर बंद करा, पिन काढा, स्टिक काढून एकदा पुन्हा बसवा. दुसऱ्यांदाही आलं नाही तर जोर लावू नका. जुनी स्टिक लावून मशिन चालतं का बघा आणि दोन्ही स्टिक घेऊन जवळच्या जाणकाराकडे जा.