कानगोष्टी : लाखाचा इअरफोन, पण कानात बसला का?

नागपुरात धंतोलीत श्रवणयंत्रं बसवणाऱ्या आमच्या ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) ताई वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या वेळी सगळी पत्रं महागड्या इअरफोनांबद्दलची.

प्रश्न : ताई, मुलाने बंगळुरूहून सेनहायझरचा आयई 900 आणून दिला. किंमत लाखाच्या वर, ऐकूनच घाम फुटला. पण खरं सांगू? माझा जुना दोन हजारांचाच बरा वाटतो. नव्यात डग्गा गायब आणि गाणाऱ्या बाईंचा आवाज पातळ, टोचरा. मुलाला सांगायची सोय नाही. पैसे पाण्यात गेले का?
– निवृत्त बँक कर्मचारी, लक्ष्मीनगर

उत्तर : काका, मुलाला सध्या काहीच सांगू नका. आधी टिप, म्हणजे इअरफोनच्या टोकाची मऊ टोपी, बदला.

2021 साली आलेल्या या इअरफोनमध्ये 7 मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग, आहे. एवढीशी चकती डग्गा ऐकवते कशी? कानाच्या पडद्यापर्यंतची चिमूटभर हवा ती बंद कोंडून हलवते म्हणून. त्या हवेला बाहेर पडायला केसाएवढी फट मिळाली, की खर्जाकडचे सूर सगळ्यांत आधी गळतात आणि वरचे तसेच राहतात. डग्गा गेला, बाईंचा आवाज पातळ झाला, हे तुमचं वर्णन अगदी फटीचंच आहे. जुना इअरफोन तुमच्या कानात योगायोगाने नीट बसत असेल, एवढाच त्याचा मोठेपणा.

माणसाची कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि थोडी नागमोडी असते. उजवी-डावी सारखी असतेच असं नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना एका कानात मध्यम आणि दुसऱ्यात मोठी टिप लागते, पण दोन्हीकडे वेगवेगळ्या मापाच्या टिप्स लावायच्या म्हटलं की त्यांना उगीच अवघडल्यासारखं होतं. लावा खुशाल! उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा. नळी सरळ होते, टिप आत जाते. फोमची टिप असेल तर बोटांत चांगली दाबून बारीक करा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. लोक हे धरून ठेवणंच विसरतात.

मग ओठ मिटून ‘हं’ असा सूर लावा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला आणि दोन्ही कानांत सारखा घुमला, तर बसला. एकीकडे कमी घुमला, तर त्या बाजूला फट आहे.

टोचरेपणाची गोष्ट थोडी वेगळी आहे. कान बंद केला की आतल्या हवेची स्वतःची एक घुमणूक तयार होते, साधारण 8000 हर्ट्‌झच्या आसपास. इअरफोन किती आत गेला यावर ती जागा वरखाली सरकते. म्हणून तोच इअरफोन तुम्हाला टोचतो आणि मुलाला गोड लागतो. दोन मिलिमीटर आत सरकवून बघा.

आणि इअरफोनच्या तोंडावरच्या जाळीवर मळ साचला आहे का, तेही चष्मा लावून पाहा. नवा आहे म्हणता, पण मुलाने आधी वापरला असेल तर? कानातला मळ मात्र काडीने काढायला जाऊ नका. कान-नाक-घशाचे डॉक्टर दोन मिनिटांत काढतात.

प्रश्न : मी मिहानमध्ये नोकरीला आहे. माझ्याकडे शुअरचा एसई846 आहे, मित्राकडे आयई 900. माझ्यात चार ड्रायव्हर, त्याच्यात एकच. तरी तो म्हणते का त्याचाच भारी. दर रविवारी फुटाळा तलावावर बसून दोघं भांडून राहिलो. कोण बरोबर?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : फुटाळ्यावर भांडा, पण तुलना तिथे नका करू बाप्पा. गाड्या, भुट्टेवाले, पोरांचा गलका, यांत खालचे सूर आधीच झाकले जातात. मग ज्याच्यात बेस जास्त तोच जिंकणार.

ड्रायव्हर मोजणं सोडा. तुमच्या शुअरमध्ये बॅलन्स्ड आर्मेचर नावाचे चार चिमुकले ड्रायव्हर आहेत. हे आमच्याच धंद्यातून आलेलं मूल. कानाच्या मशीनमध्ये आम्ही त्याला रिसीव्हर म्हणतो. तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं, कमी विजेत चालणारं, बोलणं स्पष्ट ऐकवण्यासाठी घडवलेलं. एकट्याने सगळी सप्तकं सांभाळणं त्याला अवघड जातं, म्हणून दोन-चार जणांत काम वाटून देतात आणि मध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे कोणता सूर कोणाकडे जाईल ते ठरवणारं सर्किट, बसवतात. तो सांधा चांगला जमला तर कळत नाही, फसला तर सारंगी एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखी ऐकू येते. मित्राच्या डायनॅमिक, म्हणजे चकतीवाल्या, ड्रायव्हरमध्ये सांधाच नाही, पण एकाच चकतीवर सगळा भार. जास्त ड्रायव्हर म्हणजे जास्त चांगलं, हे दुकानदाराचं गणित.

आता तुलना. पहिली अट, आवाजाची पातळी सारखी हवी. दोन इअरफोनांची संवेदनशीलता वेगळी असते, त्यामुळे फोनवर व्हॉल्यूमची तीच रेघ ठेवली तरी एक मोठा वाजतो. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही. तो ‘जास्त मोकळा’, ‘जास्त जिवंत’ म्हणून जाणवतो. 1933 मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं, की हळू आवाजात कान खालचे सूर कमी ऐकतो आणि आवाज वाढवला की ते वर येतात. म्हणजे तुमचं अर्धं भांडण व्हॉल्यूमचं आहे. दवाखान्यात माझ्याकडे श्रवणयंत्र तपासायची पेटी आहे, तिच्यात 1000 हर्ट्‌झचा सूर वाजवून दोन्ही इअरफोन एका पातळीवर आणता येतात. घरी ती नसणार. मग तिसऱ्या माणसाला व्हॉल्यूम लावायला बसवा, तुम्ही दोघांनी पडद्याकडे पाहायचं नाही. ओळखीचा एकच तुकडा, पंधरा-वीस सेकंदांचा, पुन्हा पुन्हा ऐका. लांबलचक गाणं ऐकून मग दुसरा इअरफोन लावला, तर मधल्या वेळात कान पहिला विसरतो.

दुसरी अट कोणी सांगत नाही. दोघंही कशाला जोडून ऐकता? एसई846 चा रोध (इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा) कंपनी 9 ओहम सांगते. पण आर्मेचरवाल्या इअरफोनांत तो प्रत्येक सुराला वेगळा असतो, कुठे कमी, कुठे कितीतरी जास्त. जुन्या अँप्लिफायरच्या जॅकला स्वतःचाच मोठा रोध असेल, तर तुमच्या शुअरचा अख्खा तोल बदलतो. मित्राचा एकाच ड्रायव्हरचा इअरफोन त्याच जॅकवर फारसा हलत नाही. म्हणजे तो खरं सांगतोय आणि तुम्हीही! जॅकचा रोध इअरफोनच्या आठव्या हिश्शाच्या आत ठेवा असं म्हणतात. तुमच्या बाबतीत तो एक ओहमच्या जवळपास येतो. फोनला इअरफोन जोडायचे साधे डाँगल ही अट बऱ्याचदा पाळतात, घरातला भारदस्त अँप पाळेलच असं नाही.

आणि किंमत. 2017 मध्ये जेरून ब्रेबार्ट या संशोधकाने 283 हेडफोनांची मोजमापं तपासली. कानात घालायचे, कानावर ठेवायचे, सगळे. किंमत आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणता सूर किती मोठा वाजतो) यांचा काही संबंध त्याला सापडला नाही. याचा अर्थ महाग ते वाईट असा घेऊ नका. पैसा कवचात, घडणीत, ड्रायव्हरच्या नेमकेपणात जातो. सुरांचा तोल मात्र पाच हजारांतही चांगला मिळू शकतो आणि लाखातही फसू शकतो.

प्रश्न : मी गाणं शिकते. इअरफोन तपासायला कोणतं संगीत लावावं? दुकानात इंग्रजी गाणी लावून देतात, त्यात मला काहीच कळत नाही.
– गायन विद्यार्थिनी, महाल

उत्तर : छान प्रश्न. तुझ्याकडे मोजपट्टी घरातच आहे. तानपुरा.

सभागृहातली आठवण मोजपट्टी म्हणून वापरू नकोस. सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात मैफल ऐकतेस तेव्हा कानावर येतो तो मुख्यतः स्पीकरचा आवाज, त्यात हॉलचा घुमारा मिसळलेला. तुझ्या मांडीवरच्या तानपुऱ्याला मध्ये कोणीच नाही. आधी तो पाच मिनिटं छेड, मग लगेच तानपुऱ्याचं चांगलं रेकॉर्डिंग इअरफोनवर लाव.

काय ऐकायचं? काळी एक या पट्टीला लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज सुमारे 69 हर्ट्‌झवर असतो. पण तारेतला तो मूळ सूर तसा दुबळाच, खरी श्रीमंती वरच्या स्वरांशांत, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणाऱ्या वरच्या सुरांत. खर्जाच्या तारेतून स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गंधार वर येतो, तो सुमारे 346 हर्ट्‌झवर. इअरफोनने गंधार दाखवला म्हणजे लगेच खूश होऊ नकोस, तो बरेच जण दाखवतात. जवारीकडे, म्हणजे तारेच्या त्या झणझणत्या गुंजनाकडे, लक्ष दे. तारेखालचा धागा नीट बसला की जवारी तारेच्याच पोटातून उमलते. इअरफोनला वरच्या पट्टीत कुठे टोक असेल, म्हणजे तिथले सूर जास्तच मोठे वाजत असतील, तर जवारी तारेपासून सुटी होते आणि पत्रा खरवडल्यासारखी वेगळीच ऐकू येते. अनेक महागडे इअरफोन इथे उघडे पडतात. ‘डिटेल फार आहे’ म्हणून ज्यांचं कौतुक होतं, त्यांतले काही नुसते टोकदार असतात. हे माझं मत, पण अनुभवाचं मत आहे.

दुसरा तपास डग्ग्याचा. घिस्सा घेताना, म्हणजे डग्ग्यावर मनगट दाबून सरकवताना, सूर खालून वर सरकतो, तो सगळीकडे सारख्या वजनाने सरकला पाहिजे. मध्येच एका जागी फुगला, तर त्या इअरफोनला तिथे उंचवटा आहे.

तिसरा तपास फार सोपा. जुनी मोनो रेकॉर्ड लाव. मोनोमध्ये दोन्ही बाजूंना एकच आवाज असतो, म्हणून गाणारा बरोबर डोक्याच्या मध्ये उभा राहिला पाहिजे. एका बाजूला झुकला तर दोन्ही इअरफोनांची अदलाबदल कर. कानात बसत नसतील तर बोटांनी धरून ऐक. झुकाव दुसऱ्या बाजूला गेला तर दोष इअरफोनचा. त्याच बाजूला राहिला तर बसण्याचा, मळाचा किंवा कानाचा. शेवटचं असेल तर माझ्याकडे ये, इअरफोनच्या दुकानात जाऊ नकोस.

मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली गाणी मात्र तोल तपासायला घेऊ नकोस. त्यांत वरचे सूर मुळातच कमी आणि खरखर भरपूर. चांगला इअरफोन ती खरखरही चांगलीच ऐकवतो!

प्रश्न : वय 62. या वयात महाग इअरफोन घेऊन फरक कळेल का?
– खामला

उत्तर : 20,000 हर्ट्‌झ तुम्हाला ऐकू येत नाही, मलाही येत नाही. त्याने संगीताचं फार बिघडत नाही, गाण्याचा बहुतेक ऐवज त्याच्या कितीतरी खाली असतो. आधी ऑडिओग्राम, म्हणजे कोणता सूर किती ऐकू येतो याचा आलेख, काढा. नेहमीची तपासणी 250 ते 8000 हर्ट्‌झपर्यंत होते. 4000 च्या पुढे ऐकण्यातला उतार मोठा असेल तर इअरफोनपेक्षा इक्वलायझर (हवे ते सूर कमी-जास्त करायची सोय) उपयोगी पडेल.

प्रश्न : कानाचा साचा देऊन बनवतात ते कस्टम इअरफोन साध्यांपेक्षा चांगले वाजतात का? मी ऑर्केस्ट्रात गातो.
– सक्करदरा

उत्तर : रंगमंचावर गाणाऱ्याला त्यांची खरी गरज. ती पद्धतच तिथून रुळली. जेरी हार्वे हा व्हॅन हेलन या रॉक बँडचा साऊंड इंजिनिअर. ढोलवादकाला स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून त्याने साच्याचे इअरफोन बनवले आणि 1995 मध्ये त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली.

आवाज आपोआप चांगला होतो असं नाही. फट राहत नाही आणि रोज एकाच जागी बसतो, हा फायदा. पण तो साच्यावर अवलंबून. साचा नळीच्या दुसऱ्या वळणाच्या पुढपर्यंत घ्यायला सांगा. आत आधी कापसाचा किंवा फोमचा अडसर ठेवला आहे ना, ते विचारा, त्याशिवाय साच्याचं सिलिकॉन आत सोडू द्यायचं नाही. आणि गायक असाल तर साचा वाळेपर्यंत तोंड उघडं ठेवा, दातांत ठोकळा धरून. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. मिटल्या तोंडाने घेतलेला साचा तार सप्तकात ‘आ’ केला की सुटतो आणि बेस पळून जातो.

प्रश्न : मे महिन्यात कूलरच्या आवाजात काही ऐकूच येत नाही, व्हॉल्यूम शेवटपर्यंत जातो. नॉइज कॅन्सलिंगवाला घेऊ का?
– मानेवाडा

उत्तर : कूलरची घरघर खालच्या सुरांची आणि सतत असते, त्यामुळे बाहेरचा आवाज पुसणारं ते तंत्र तिच्यावर चांगलं चालतं. पण आवाजाच्या दर्जासाठी म्हणाल, तर खोल बसणारा वायरवाला घ्या. इटिमोटिकचा ईआर-4 हा 1991 पासूनचा नमुना, श्रवणशास्त्रातल्या मीड किलियनने केलेला. तीन थरांची टिप नळीत खोल जाते आणि कूलर नुसताच हलताना दिसतो. पहिले काही दिवस गुदगुल्या होतात. बेस मोजकाच आहे, धडधड हवी असेल तर आवडणार नाही.

व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेणं मात्र आजच थांबवा. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठी मर्यादा आठवड्याला 40 तास, तीही 80 डेसिबलला. दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा. 89 ला पाचच तास उरतात.

प्रश्न : नवा इअरफोन शंभर तास वाजवत ठेवला की आवाज खुलतो म्हणतात. खरं का?
– धरमपेठ

उत्तर : मोजून पाहिलं तर फरक नगण्य निघतो. शंभर तासांत टिप मऊ होते आणि तुम्हाला त्या आवाजाची सवय होते. दुकानदार मात्र हे आवर्जून सांगतो, कारण शंभर तास होईपर्यंत परत करायची मुदत उलटलेली असते. पहिल्याच दिवशी टिप्स बदलून ऐका आणि नाही पटला तर त्याच आठवड्यात परत द्या.