दागिन्यांच्या डिझाइनची आयडिया कुठून आणायची म्हणतोस ना?
आधी पिंटरेस्ट बंद कर, तिथे सगळे एकमेकांचंच बघून करतात. ओटो क्युन्झली या स्विस दागिने-कलाकाराने 1980 मध्ये काळ्या रबराच्या बांगडीत सोन्याचा गोळा लपवला, म्हणजे सोनं घातलंय पण दिसतच नाही, आता बोल! डिझाइनच्या आधी असा एखादा प्रश्न पाहिजे डोक्यात. शिल्पकार अलेक्झांडर काल्डर तर मोबाइल, म्हणजे हवेत लटकून हलणारी शिल्पं करणारा (फोन नव्हे हां), त्याने बहुतेक वेळा डाग न देताच (म्हणजे सोल्डरने न जोडता), पितळेची नाहीतर चांदीची तार ठोकून, वळवून साधारण 1800 दागिने केले. तूही तांब्याची तार घेऊन बस, ठोकून ठोकून कडक झाली की तापवून परत मऊ करायची. आणि गंजलेला पत्रा, शेंगा, टरफलं, जे आवडेल त्याचं स्केच काढ, फोटो नको, काढताना आकार हाताला कळतो. पहिले दहा पीस भंगार होणार, माझे तर वीस झाले.