शाकाहारी आई आणि मासे खाणारे बाबा यांना क्वालालंपूरमध्ये मलेशियन हॉटेलात न्यावं का?

तुम्ही विचारलंय की पाच दिवस आईबाबांना घेऊन चाललाय, तर मलेशियन जेवणाच्या वाटेला जावं, की सरळ ब्रिकफील्ड्स या तिथल्या भारतीय वस्तीतल्या हॉटेलांत जेवून मोकळं व्हावं. मी चार वर्षं क्वालालंपूरशेजारच्या ‘पेटालिंग जाया’ या शहरात राहिलो, आईबाबा दोनदा येऊन गेले. माझं उत्तर: जरूर न्या. फक्त बलाचान हा शब्द घरून पाठ करून जा.

बलाचान म्हणजे बारीक कोळंबी आंबवून, वाळवून, कुटून केलेला गोळा. वास आपल्या सुकटीसारखा. आईच्या पहिल्या मुक्कामात आम्ही जवळच्या एका हॉटेलात कांगकुंग मागवलं, म्हणजे नाळीची भाजी. ‘नुसती भाजी ना?’ असं विचारून घेतलं होतं. अर्धी प्लेट संपल्यावर आईने घास तोंडातच थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या रात्री ती पाण्याशिवाय काही घेईना. मला अजून तिचा तो चेहरा आठवतो. वाढणाऱ्या पोराने फसवलं नव्हतं. त्याच्या लेखी बलाचान म्हणजे आपल्याकडचं हिंग, ते घातलं म्हणून भाजी ‘मांसाहारी’ कशी होईल? म्हणून ‘व्हेजिटेरियन’ एवढ्यावर थांबू नका. एकेक नाव घ्या: ‘साया ताक माकान दागिंग, ईकान, उदांग, बलाचान’. मी मांस, मासे, कोळंबी, बलाचान खात नाही. आणि मेनूवर नुसतं ‘दागिंग’ दिसलं तर ते बहुतेक वेळा गाईचं असतं, हे बाबांनाही सांगून ठेवा. कोंबडीला ‘आयाम’ म्हणतात.

आईसाठी सगळ्यात निर्धास्त जागा म्हणजे चिनी बौद्धांची शाकाहारी हॉटेलं. पाटीवर बऱ्याचदा स्वस्तिक असतं. कांदा-लसूणही सहसा नसतो. मेनूत ‘चिकन’, ‘फिश’ वाचून दचकू नका, ते सोयाबीनचं किंवा मश्रूमचं असतं. नासी लेमाक तिला तिथेच खाऊ घाला. नारळाच्या दुधात पांदानचं सुवासिक पान टाकून शिजवलेला भात, सोबत काकडी, शेंगदाणे आणि तिखट सांबाल, म्हणजे मिरचीची चटणी. एरवी या सांबालात बलाचान आणि वर तळलेली सुकी मासळी असते, इथे दोन्ही नसतं. झाकण काढल्यावर जो वास येतो त्यात नारळीभात आणि आंबेमोहोर दोन्ही आठवतात.

सकाळी मामाक हॉटेलात जा. तमिळ मुसलमानांची ही हॉटेलं, बरीचशी रात्रंदिवस उघडी. रोती चनाई या पापुद्र्याच्या पराठ्याची कणीक हवेत भिरकावून पदर काढतात, ते बघायला आई उठून तव्यापाशी गेली होती. तिच्यासाठी सोबतची डाळ वेगळ्या वाटीत मागा, कारण पुष्कळदा डाळीवर माशाच्या रश्श्याचा डाव पडतो. अंडं चालत नसेल तर कणकेबद्दलही विचारा. तेह तारिक म्हणजे दोन भांड्यांत उंचावरून ओतून फेसाळलेला चहा. तो भलता गोड असतो, ‘कुरांग मानीस’ म्हटलं की गोड कमी. नासी लेमाक, रोती चनाई आणि तेह तारिक यांच्या न्याहारीला 2024 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, आणि मला तर त्याचा घरचा सत्कार असल्यासारखा आनंद झाला.

आता बाबा. त्यांना आसाम पदास, म्हणजे माशाचं आंबट-तिखट कालवण खिलवाच, आणि त्यात ‘ईकान केंबुंग’ मागा. केंबुंग म्हणजे आपला बांगडा. मलाक्का शहरातल्या एका साध्या हॉटेलात माझ्या बाबांनी त्या लालभडक कालवणाचा पहिला भुरका घेतला, बोटं चाटली आणि म्हणाले, ‘ही आपलीच आमटी, फक्त तिरफळं विसरलेत.’ आंबटपणा चिंचेचा किंवा आसाम केपिंगचा असतो. हे वाळवलेल्या फळाचे काप, झाड कोकमाच्या कुळातलं. रेंदांग आयाम, म्हणजे कोंबडीचं दाट, सुकं कालवण मागवलंत तर त्यातही भाजून वाटलेलं खोबरं भेटेल. मालवणी वाटणावर वाढलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं!

टिप देण्याची पद्धत नाही. मोठ्या हॉटेलांत बिलात 10 टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं. उरलेलं बांधून हवं असेल तर ‘तापाव’ म्हणा, रात्री हॉटेलच्या खोलीवर बाबा तो रस्सा मागतीलच.