ट्रिगर दाबला की उत्तर, मग माणूस कशाला?

प्रश्न: मी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेत एक्सआरएफचं, म्हणजे क्ष-किरण मारून पदार्थातली मूलद्रव्यं ओळखण्याचं, हातात धरायचं यंत्र पाहिलं. ट्रिगर दाबल्यावर अर्ध्या मिनिटात स्टीलमधलं क्रोमियम, निकेल सगळं स्क्रीनवर आलं! विषय आवडला, पण यंत्रच सगळं करत असेल तर यात करिअर काय? आईला किरणांची भीती वाटते ते वेगळंच.

उत्तर: शंका रास्त आहे. नुसता ट्रिगर दाबायला पदवी लागत नाही, आणि तेवढ्याच कामासाठी या क्षेत्रात येऊही नकोस.

पण यंत्र टक्के मोजत नाही, हे आधी लक्षात घे. क्ष-किरणाचा फोटॉन (ऊर्जेचा कण) अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतो, वरचा त्या जागी उतरतो आणि त्या मूलद्रव्याच्या ठरलेल्या ऊर्जेचा फोटॉन बाहेर पडतो. लोखंडाचा ६.४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे ऊर्जेचं एकक), तांब्याचा ८.०५चा. ही ऊर्जा अणुक्रमांकाशी बांधलेली असते हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोस्लेनं १९१३ मध्ये दाखवलं, तेव्हा तो पंचविशीत होता. यंत्र मोजतं ते हे फोटॉन. टक्के हा हिशेब, आणि हिशेब चुकतो.

समज, मातीच्या नमुन्याच्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन आले त्या आलेखात, १०.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टजवळ ठसठशीत शिखर आलं आणि सॉफ्टवेअर म्हणालं, आर्सेनिक. आर्सेनिकची मुख्य रेषा (ठरलेली ऊर्जा) १०.५४ला, शिशाची १०.५५ला. एवढा फरक डिटेक्टरला दिसतच नाही. मग उजवीकडे सरकून बघायचं: १२.६ला शिशाची दुसरी रेषा आहे का? ११.७ला आर्सेनिकची? दोन्ही असतील तर शिशाचा वाटा वजा करून उरलेल्या आर्सेनिकवर किती भरवसा ठेवायचा, हे माणसानं ठरवायचं. पगार मिळतो तो या शंकेखोरपणाचा.

नमुना तयार करणं हे दुसरं काम, आणि त्याला कुणी ग्लॅमर देत नाही. पूड जाडीभरडी राहिली तर आकडे हलतात. म्हणून ती लिथियम बोरेटबरोबर प्लॅटिनमच्या मुशीत हजारेक अंश सेल्सिअसला वितळवून काचेसारखी चकती ओततात. चकतीला तडा गेला की पुन्हा पहिल्यापासून. याचा कंटाळा येणार असेल तर आत्ताच विचार कर.

याच्या पुढचा टप्पा गॅमा सक्रियणाचा. तिथे फोटॉन थेट अणुकेंद्राला चाळवतात. सोन्याची उत्तेजित केंद्रं ७.७३ सेकंदांत निम्मी विझतात आणि २७९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण देतात. क्ष-किरण धातूच्या पृष्ठभागापलीकडे फारसे जात नाहीत. ही पद्धत दगडाच्या पोटातलं सोनं मोजते. यासाठी कण-त्वरक (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) लागतो, त्यामुळे जागा कमी. तिकडे जायचं तर अणुभौतिकीत पदव्युत्तर शिक्षण घे. एक्सआरएफसाठी विश्लेषणात्मक रसायनशास्त्र आणि सांख्यिकी पुरेशी, सोबत थोडं प्रोग्रॅमिंग.

आईंना सांग, क्ष-किरण नळीचा वीजपुरवठा बंद झाला की किरणही बंद. धोका असतो तो बेफिकिरीत: नमुना बोटात धरून यंत्र त्यावर रोखणारे लोक मी पाहिलेत. तू तसं करू नकोस, अंगावर पडलेले किरण मोजणारा डोसिमीटर बॅज लावायचा कंटाळा करू नकोस.

पुढच्या वेळी प्रयोगशाळेत गेलीस की टक्क्यांचा पडदा बाजूला कर, स्पेक्ट्रम उघड आणि एकच तुकडा जागा बदलून पाच वेळा मोज. आकडे जुळले नाहीत आणि का, हे शोधताना जेवायची वेळ टळली, तर मला पुन्हा लिही. मग पुढच्या अभ्यासक्रमाचं बोलू.