कवळी रात्री काढायचीच

तू वृद्धाश्रमात नवीन आहेस, म्हणून आधी कवळीचं सांगते. रात्री ती काढायचीच. काही आजींना बोळकं तोंड दाखवायची लाज वाटते. तेव्हा पडदा ओढ, पाठ फिरव, पण काढून घे. मऊ ब्रशने, साध्या साबणाने घास. टूथपेस्टने चरे पडतात, गरम पाण्याने कवळी वाकडी होते. रात्रभर गार पाण्यात ठेव. डबीवर नाव हवंच. आमच्याकडे एकदा दोन आजोबांच्या कवळ्या बदलल्या आणि एकांनी दोन दिवस नीट जेवणच केलं नाही.

दात नसले तरी हिरड्या आणि जीभ ओल्या गॉझने पुसायची. अंथरुणाला खिळलेल्यांना उशी लावून बसतं कर, नाहीतर कुशीवर वळव. तोंडातले जंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. मला सगळ्यात भीती त्याचीच वाटते.

मिश्री लावणाऱ्या आजींवर रागावू नकोस. गालाच्या आत पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर मात्र डॉक्टरांना दाखव.

स्मृतिभ्रंश असलेल्या आजोबांनी तोंड मिटलं तर जबरदस्ती नको. ब्रश त्यांच्याच हातात दे, वर आपला हात ठेव. नाहीच जमलं तर अर्ध्या तासाने पुन्हा जा.